मोझार्टच्या आईची सात बाळंतपणं आणि पाण्यावर वाढवलेली लेकरं

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की आमच्या लातूरच्या ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणजे १ ते ७ ऑगस्टच्या जागतिक स्तनपान सप्ताहाचे, आशाताई पाठवतात ते, ज्यांना लोक नमस्काराचा इमोजी टाकून पुढं सरकतात. दुसरा म्हणजे 'गरोदर बाईनं रोज मोझार्ट ऐकावं, बाळ हुशार जन्मतं', आणि हा मात्र सगळे फॉरवर्ड करतात. माझ्या भाचीला सातवा लागलाय, तिच्या सासूबाई रोज दुपारी मोबाईल तिच्या पोटाजवळ ठेवून कुठला तरी पियानो लावतात आणि मला परवा फोन करून विचारत होत्या, "दादा, यातला नेमका कोणता चांगला?"

आता हे दोन मेसेज एकाच आठवड्यात यावेत यात एक गंमत आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या मोझार्टचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियातल्या त्या प्रसिद्ध संगीतकाराचं, संगीत आपण पोटातल्या बाळाला ऐकवतो तो स्वतः आईच्या दुधावर वाढलेला नव्हता. त्याला पाण्यावर वाढवलं होतं, आणि हे त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय. त्याच्या आईची सात बाळंतपणं झाली, जगली दोन. त्या बाईच्या आयुष्याकडं नीट बघितलं तर स्तनपानाबद्दल आशाताई जे सांगून सांगून थकतात ते सगळं तिथं तारखांसकट सापडतं, म्हणून हा लेख.

आधी ते मोझार्ट ऐकून हुशार होण्याचं

थोडक्यात संपवतो. १९९३ मध्ये 'नेचर' नावाच्या मासिकात एक छोटा अभ्यास आला होता. ३६ कॉलेजच्या पोरापोरींना १० मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा एक सोनाटा (नुसत्या वाद्यांवर वाजवायची रचना) ऐकवला, मग कागदाच्या घड्या घालून कापल्यावर आकार कसा दिसेल असल्या प्रकारचे प्रश्न दिले, ते त्यांनी जरा बरे सोडवले. असर टिकला १०-१५ मिनिटं. यात बाळ नाही, गरोदर बाई नाही, काहीच नाही. तिथून बाजारात सीड्या आल्या आणि आता यूट्यूबवर तासतासाचे व्हिडिओ. संगीत ऐकल्यानं आईला बरं वाटत असेल तर छानच की, पण हुशारीचा दावा त्या अभ्यासात नव्हता.

ही बाई कोण होती

नाव आना मारिया. जन्म २५ डिसेंबर १७२०, आजच्या ऑस्ट्रियातलं सेंट गिल्गेन नावाचं तळ्याकाठचं गाव. बाप सरकारी अधिकारी होता, पण ती तीन-चार वर्षांची असतानाच १७२४ मध्ये तो वारला आणि मागं कर्ज ठेवून गेला. विधवा आई पोरींना घेऊन साल्झबुर्ग शहरात आली आणि मिळेल त्या तुटपुंज्या मदतीवर दिवस काढले. घरधनी कर्ज ठेवून गेला की बाईचं काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही. पोरगी तब्येतीनं नाजूकच होती, त्या काळच्या कागदांत तिचा उल्लेख सतत आजारी असणारी असा आहे.

२१ नोव्हेंबर १७४७ ला तिचं लग्न झालं लिओपोल्ड मोझार्टशी, जो तिथल्या आर्चबिशपच्या दरबारात व्हायोलिन वाजवायचा. आर्चबिशप म्हणजे धर्मगुरू, पण तिथं राजाही तोच. दोघं एकमेकांना बरीच वर्षं आधीपासून ओळखत असावेत, कारण लग्नाला २५ वर्षं झाली त्या दिवशी लिओपोल्डनं मिलानहून तिला लिहिलं की लग्न करायची शहाणी कल्पना आपल्या डोक्यात कित्येक वर्षं होतीच, चांगल्या गोष्टींना वेळ लागतो. संसार थाटला तो गेट्राइडेगासं नावाच्या गल्लीत ९ नंबरच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, भाड्यानं. घरमालक किराणा-मसाल्याचा व्यापारी. सातही लेकरं याच घरात जन्मली.

तिला घाबरट, गप्प बसणारी बाई समजू नका बरं का. छप्पन्न वर्षांची असताना तिनं नवऱ्याला पत्रात यमक जुळवून शुभरात्री म्हटलंय आणि त्या यमकात त्याला झोपायच्या आधी अंथरुणात हगून ठेवायला सांगितलंय. मोझार्टच्या पत्रांतला असला चावटपणा वाचून अभ्यासक लाजतात, तो त्याला कुठून मिळाला हे शोधायला लांब जायची गरज नाही.

सात बाळंतपणांच्या तारखा

हा भाग जरा सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिला मुलगा १८ ऑगस्ट १७४८ ला झाला, म्हणजे लग्नाला नऊ महिने होताहोताच, आणि २ फेब्रुवारी १७४९ ला गेला. दुसरी मुलगी १८ जून १७४९ ची, सहाव्या दिवशी गेली. तिसरी मुलगी १३ मे १७५० ला आली, २९ जुलैला गेली, अकरा आठवडे मिळाले तिला. मग आनाला गास्टाइन नावाच्या गावी गरम पाण्याच्या झऱ्यांवर तब्येत सुधारायला पाठवलं, आपल्याकडं किनवटजवळ उनकेश्वरला लोक जातात तसं. त्यानंतर ३० जुलै १७५१ ला मारिया आना झाली, घरचे तिला नानर्ल म्हणायचे, ती जगली. मग ४ नोव्हेंबर १७५२ ला मुलगा, तीन महिन्यांचा होऊन २ फेब्रुवारीलाच गेला, पहिला गेला त्याच तारखेला. ९ मे १७५४ ला मुलगी, सात आठवडे जगली. आणि २७ जानेवारी १७५६ ला रात्री आठ वाजता वोल्फगांग, ज्याला आपण मोझार्ट म्हणतो.

साडेसात वर्षांच्या आत सात बाळंतपणं. आई २७ वर्षांची होती तेव्हा सुरू झालं आणि ३५ व्या वर्षी थांबलं.

शेवटचं बाळंतपण तर जिवावर बेतलं होतं. लिओपोल्डनं नंतर एका ओळखीच्याला लिहिलं की वार पडलीच नाही, ती हातानं काढावी लागली आणि बायको भयंकर अशक्त झाली. वार म्हणजे बाळाला पोटात ज्यातून अन्न मिळतं तो भाग, बाळ बाहेर आल्यावर तोही पडायला पाहिजे, अडकला तर रक्तस्राव थांबत नाही आणि त्या काळात हातानं काढताना जंतू गेले तर आणखी वेगळं मरण. आज बाळंत झाल्या झाल्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्यानं गर्भपिशवी आकसते. हे ऑक्सिटोसिन बाईच्या अंगातच तयार होतं आणि बाळ पाजायला घेतलं की ते जास्त सुटतं. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या असं नर्स जे म्हणते त्यात बाळाइतकाच आईचाही फायदा आहे, हे आपल्याकडं फार कमी बायांना सांगितलं जातं. उगाच घाई करायलीय असं वाटतं बिचारीला.

'पाण्यावर वाढवलं' म्हणजे काय केलं

१७८३ च्या जूनमध्ये मोझार्टला व्हिएन्नात पहिला मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं बापाला पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा की बायकोला दूध येवो न येवो तिनं पाजायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं, पण माझं लेकरू परक्या बाईचंही दूध पिणार नाही, माझ्या बहिणीला आणि मला वाढवलं तसं पाण्यावर वाढवायचं. पण सुईण, सासू आणि बाकीच्यांनी हातापाया पडून सांगितलं की इथं पाण्यावर ठेवलेली बहुतेक लेकरं जगत नाहीत, म्हणून मग दूध पाजणारी दाई ठेवायला कबूल झालो.

पाणी म्हणजे नुसतं पाणी नसावं, जव किंवा ओट शिजवून त्याची पातळ पेज असावी, असं अभ्यासक धरतात. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या त्या पट्ट्यात लेकराला अंगावर न पाजता पेजेवर वाढवायची रीतच होती. पत्रात त्यानं दोघांचंच म्हटलंय, स्वतःचं आणि बहिणीचं, पण एकाच घरात त्याच आईबापांनी आधीच्या पाच जणांना वेगळं काही दिलं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आणि ही अडाणीपणाची गोष्ट नाही. लिओपोल्ड शिकलेला माणूस, वोल्फगांग जन्मला त्याच वर्षी त्याचं व्हायोलिन शिकवायचं पुस्तक छापून आलं जे पुढं बऱ्याच भाषांत गेलं. पण त्या काळच्या शिकलेल्या लोकांतही दोन समजुती घट्ट होत्या. एक म्हणजे बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध खराब असतं. दुसरी म्हणजे दुधातून पाजणाऱ्या बाईचा स्वभाव लेकरात उतरतो, म्हणून दाईची भीती.

ते पहिलं पिवळं दूध

याला डॉक्टर कोलोस्ट्रम म्हणतात, आपण चीक म्हणू. बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो, घट्ट, पिवळसर, अगदी थोडा. नवीन जन्मलेल्या बाळाच्या पोटात एका वेळेला चमचाभरच मावतं त्यामुळं तेवढा पुरतो. त्यात अँटिबॉडी ठासून भरलेल्या असतात. अँटिबॉडी म्हणजे आईच्या शरीरानं आजवर ज्या ज्या जंतूंशी मारामारी केली त्यांना ओळखून धरणारी प्रथिनं. बाळाची स्वतःची अशी फौज तयार व्हायला महिने लागतात, तोवर आईची उसनी फौज आतड्याच्या आतल्या बाजूला पसरून बसते आणि हगवणीचे जंतू चिकटू देत नाही.

पेजेत यातलं काहीच नाही. उलट पेजेबरोबर वाटी येते, चमचा येतो, चिंधी येते, पाणी येतं आणि कोमट गोड पेज तास-दोन तास ठेवली की जंतूंची तर दिवाळीच. जंतू नावाची काही गोष्ट रोग करते हे सिद्ध व्हायला अजून शंभर वर्षं होती, त्यामुळं पाणी उकळायचं का, वाटी कशी धुवायची हे कुणाच्या डोक्यात यायचा प्रश्नच नव्हता.

गंमत बघा, आपल्याकडं गाय व्याली की कुठलाही शेतकरी आधी वासराला चीक पाजतो, उरला तर खरवस. वासरू चिकाशिवाय धरत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि त्याच घरात सुनेला सांगतात, "पहिलं दूध पिळून टाक माय, लेकराला पचत नाही," आणि मध चाटवतात. मध तर वर्षाच्या आतल्या लेकराला देऊच नये, त्यात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात जे मोठ्याला काही करत नाहीत पण तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात.

पाजलं नाही तर पुढचं लेकरू लवकर येतं

आता परत त्या तारखांकडं या. पहिलं आणि दुसरं बाळ यांत बरोबर दहा महिने आहेत. नऊ महिने पोटातले वजा केले तर दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पहिला जेमतेम सव्वा महिन्याचा होता. आपल्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं न्हाऊन बाहेर येते, तेवढ्यात. (दुसरी सहा दिवसांत गेली, ती दिवस पुरे व्हायच्या आधी झाली असेल तर थोडं पुढं धरा, तरी दोन-अडीच महिन्यांच्या पलीकडं जात नाही.)

असं का होतं? बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं, ते दूध तयार करतं. आणि रात्रंदिवस वारंवार चोखत राहिलं की बीज तयार करायचा जो मेंदूचा हुकूम असतो तोच दबतो, म्हणजे पाळी येत नाही आणि दिवस जात नाहीत. निसर्गानं केलेली पाळणा लांबवायची सोय आहे ही. पाजणंच बंद असेल तर हा ब्रेक लागत नाही आणि बाई महिना-दोन महिन्यांत परत तयार.

यावर एक रास्त शंका निघते की बाळ गेल्यावर दूध थांबणारच, मग पुढचं लवकर येणार, यात पेजेचा काय संबंध. बरोबर आहे, तिसऱ्या-चौथ्याच्या बाबतीत तसं म्हणता येईल. पण पहिला मुलगा फेब्रुवारीपर्यंत जिवंत होता आणि दुसरीचे दिवस त्याच्या कितीतरी आधी गेले होते. नानर्ल तर ठणठणीत होती तरी पंधरा महिन्यांत पाठचा भाऊ आला. आई अंगावर पाजत असती तर हे अंतर एवढं कमी पडणं अवघड होतं.

या ब्रेकवर आजही भरवसा ठेवता येतो पण तीन अटींवर, आणि तिन्ही एकदम पाहिजेत. बाळ सहा महिन्यांच्या आत असावं, पाळी आलेली नसावी आणि बाळ फक्त आणि फक्त अंगावर असावं, रात्रीही. मग दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोन इतकी कमी राहते. यातली एक अट मोडली की दवाखान्यात जाऊन दुसरं साधन विचारून घ्यायचं. लेकरू पितंय म्हणजे काही होत नाही, या भरवशावर वर्षात दुसरं झालेल्या बाया आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

"पण त्या काळी सगळ्यांचीच लेकरं मरायची"

मरायची. युरोपात तेव्हा पहिल्या वाढदिवसाच्या आधी साधारण चारातलं एक लेकरू जायचं. इथं सातातली पाच गेली. जॉन नोडेल नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञानं १४ जर्मन गावांतल्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी काढून बसवल्या, तेव्हा दिसलं की उत्तरेकडच्या, अंगावर पाजायची पद्धत असलेल्या गावांपेक्षा दक्षिणेकडच्या बव्हेरियातल्या न पाजणाऱ्या गावांत तान्ही लेकरं दुपटीच्या घरात मरत होती आणि त्याच गावांत दोन लेकरांतलं अंतरही कमी होतं. देश तोच, काळ तोच, डॉक्टर तितकेच बिनकामाचे. साल्झबुर्ग त्या बव्हेरियाला लागूनच आहे.

"मोझार्ट तर जगला, वर एवढा मोठा झाला"

हा प्रश्न मला दर वेळी येतो, वेगळ्या नावानं. आम्हाला पण आईनं मध चाटवला, आम्हाला काय झालं? अहो, ज्यांना काय झालं ते हा प्रश्न विचारायला उरलेच नाहीत ना. एका घरात सात जण, एकाच पद्धतीनं वाढवलेले, दोन जगले आणि त्यातल्या एकाचा पुतळा झाला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. त्या पाचांतला एखादा वोल्फगांगपेक्षा भारी निघाला असता की नाही कुणाला ठाऊक.

आणि उलटा मुद्दाही सांगून टाकतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. मोझार्टच्या त्या पहिल्या मुलाला दाईचं दूध मिळालं. तरी तो दोन महिन्यांत, ऑगस्ट १७८३ मध्ये आतड्याच्या विकारानं गेला, आईबाप तेव्हा त्याला व्हिएन्नात ठेवून आजोबांकडं साल्झबुर्गला गेले होते. दूध म्हणजे कवचकुंडलं नाहीत. लस, स्वच्छ पाणी, वेळेवर दवाखाना हे सगळं लागतं. भारतात १९७१ मध्ये हजारी १२९ लेकरं वर्षाच्या आत जायची, २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. एकट्या दुधानं हे झालेलं नाही, पण यातलं सगळ्यात स्वस्त औषध मात्र तेच.

"उन्हाळ्यात तरी पाणी पाजावंच लागतं ना"

मराठवाड्यात हा सगळ्यात मोठा आक्षेप आणि त्यात तथ्य वाटण्यासारखंच आहे, बाहेर ४२-४३ डिग्री असताना आपला घसा कोरडा पडतो तर लेकराला तहान लागणार नाही का. लागते. पण आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असतं, आणि पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध तर आणखी पातळ असतं, तहान तिथंच भागते. म्हणून उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं पण सारखं मागतं. जास्तीचं पाणी प्यायचं ते आईनं.

वरचं पाणी दिल्यानं तीन गोष्टी बिघडतात. पोट पाण्यानं भरतं आणि बाळ दूध कमी ओढतं. दूध कमी ओढलं की पुढं कमी तयार होतं. आणि तान्ह्याचे मूत्रपिंड कच्चे असतात, फार पाणी गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. त्यात ते पाणी कुठलं? २०१६ ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या लातूरच्या माणसाला टँकर, टाकी, हंडा, माठ हा पाण्याचा प्रवास माहीत आहे. सहा महिने दूध सोडून काही नाही, पाणी नाही, गुटी नाही, डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध तेवढं सोडून.

"दूधच येत नाही हो तिला"

पहिल्या दोन दिवसांत हे वाक्य बाळंतिणीपेक्षा तिच्याभोवतीच्या बायाच जास्त बोलतात. दूध आडासारखं असतं, उपसाल तसे झरे फुटतात, उपसा थांबला की पाणी बसतं. दुसऱ्याच दिवशी डब्याचं दूध किंवा साखरपाणी सुरू केलं की उपसा थांबला. बाळ चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी करतंय (पहिले तीन-चार दिवस सोडून) आणि वजन धरतंय, एवढं बघायचं, ते होत असेल तर दूध पुरतंय.

काही बायांना खरंच अडचण असते, कमी वजनाचं बाळ, आईचं आजारपण, स्तनाग्रांच्या जखमा, आणि तेव्हा नर्सची मदत घ्यायला लाज कसली. आणि काहींची अडचण दुधाची नसतेच. दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, केज, आष्टीकडच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, त्यातल्या बाईचं लेकरू महिन्या-दीड महिन्याचं असतं, पहाटे ती कोयता घेऊन फडात आणि लेकरू कोपीत आठ वर्षांच्या बहिणीजवळ. त्या बहिणीनं रडणं थांबवायला साखरपाण्यात बिस्किट कालवून दिलं तर तिला किंवा तिच्या मायला स्तनपानाचं पोस्टर दाखवून काय उपयोग. तिथं पाहिजे बाळंतपणाची भरपगारी सुट्टी आणि फडाजवळ पाळणाघर. साल्झबुर्गच्या आना मारियाला फडात जायचं नव्हतं, तिच्या घरात एका समजुतीमुळं पाजलं गेलं नाही. दोन्हींना एकाच मापात तोलणं मला पटत नाही.

पॅरिसमधलं मरण

तिची गोष्ट इथं संपत नाही. २३ सप्टेंबर १७७७ ला ती एकवीस वर्षांच्या वोल्फगांगला घेऊन निघाली, कारण त्याला बाहेर चांगली नोकरी शोधायची होती आणि बापाला दरबारातून रजा मिळाली नाही. पोरगा एकटा सोडण्यासारखा नव्हता. जर्मनीतल्या मानहाइममध्ये तो एका गाणाऱ्या पोरीच्या प्रेमात पडला, तेव्हा तो जेवायला गेलाय तेवढ्यात तिनं घाईघाईनं नवऱ्याला चोरून चार ओळी लिहिल्या की याला नवीन माणसं भेटली की हा लगेच जीव ओवाळून टाकायला तयार होतो. बापाचा हुकूम आला, सरळ पॅरिस गाठा. तिचा बेत खरं तर घरी परतायचा होता, पण पोरासाठी तीही गेली.

मार्च १७७८ मध्ये पॅरिसला पोचले. ५ एप्रिलचं तिचं पत्र आहे. खोली अंगणाकडं तोंड केलेली आणि इतकी अंधारी की दिवसभर ऊन दिसत नाही, बाहेर हवा कशी आहे तेही कळत नाही, थोडासा उजेड पडतो त्यात कसंबसं विणकाम करते. जिना इतका अरुंद की पियानो वर चढेना, म्हणून पोरगा दिवसभर दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करतो आणि ही एकटी, बोलायचंसुद्धा विसरून जाईन म्हणते.

जूनमध्ये आजारी पडली. ११ तारखेला शिरेतून रक्त काढलं, तेव्हा तो सर्रास उपाय होता. मग डोकेदुखी, ताप, हगवण, ऐकू येईनासं झालं. फ्रेंच डॉक्टर तिला नको होता, जर्मन डॉक्टर मिळायला वेळ गेला आणि त्यानं दारूत मिसळून रेवाचिनीची पूड दिली. रेवाचिनी म्हणजे जुलाब करणारं औषध. हगवण लागलेल्या बाईच्या अंगातलं आधी रक्त काढलं आणि मग जुलाबाचं औषध दिलं. दुखणं टायफॉइड किंवा टायफस असावं असं आज मानतात. ३ जुलैच्या रात्री साडेदहाच्या आत ती गेली.

मीठ-साखरेचं पाणी जगभर मान्य व्हायला पुढची दोनशे वर्षं जायची होती. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना ते पिंपांनी पाजलं आणि मरणारी माणसं वाचवली. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला हगवण लागली तर अंगावर पाजणं थांबवायचं नाही, जास्त पाजायचं, आणि ओआरएस, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याची दवाखान्यातली पुडी, डॉक्टरला विचारून.

त्या रात्री मोझार्टनं दोन पत्रं लिहिली. बापाला लिहिलं की आई फार आजारी आहे. साल्झबुर्गमधल्या एका धर्मगुरू मित्राला खरं लिहिलं आणि म्हटलं, बाबांची हळूहळू तयारी करा. इकडं लिओपोल्ड १२ जुलैला बायकोच्या नामदिनाच्या (जिच्यावरून नाव ठेवलं त्या संताच्या दिवसाच्या) शुभेच्छा लिहीत होता, म्हणजे पत्र वेळेत पोचावं म्हणून आधीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोराचं पत्र हातात आलं, आणि त्याच कागदावर खाली त्यानं लिहायला घेतलं की हे वरचं मी काल लिहिलंय. वाचल्या वाचल्या त्याला कळलं होतं.

मग भाचीनं मोझार्ट ऐकायचं का

ऐकू दे की, चांगलं आहे संगीत. पण सातवा ते नववा महिना ज्या घरात कोणता सोनाटा लावायचा यावर चर्चा होते तिथं बाळंतपणाच्या दवाखान्यात जाऊन 'जन्मल्यावर तासाभरात बाळ आईच्या अंगावर देता का' हा एक प्रश्न विचारून यायला कुणाला सुचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली लेकरं मात्र शंभरात ४२ च्या आसपास. म्हणजे लेकरू दवाखान्यात, नर्स शेजारी, आई शेजारी, तरी पहिला तास निघून जातो, कधी सिझर झालंय म्हणून, कधी नातेवाइकांना दाखवायचंय म्हणून, कधी आत्याबाई यायच्यात मध घेऊन म्हणून.

सिझर झालं तरी कमरेत सुई देऊन केलेलं असेल तर आई शुद्धीवरच असते, टाके घालून झाले की बाळ तिच्या छातीवर देता येतं, फक्त कुणी तरी धरायला लागतं. ते कोण धरणार, आणि मधाची बाटली घेऊन येणाऱ्यांना दारातच कोण थांबवणार, एवढं मी भाचीच्या सासूबाईंना आत्ताच ठरवून ठेवायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, दारात मीच उभी राहते.